खदानीतला शॉवेल

६ जानेवारी २००३
राजुऱ्याला पोचले एकदाची! बसमध्ये अम्मीचे शामी कबाब शेजारच्या बाईंबरोबर वाटून खाल्ले आणि उतरेपर्यंत राहायची सोयही झाली. या सुलतानाआपा. एकट्याच राहतात, मुलींना शिवणकाम शिकवतात. मागची खोली मला दिली. सामान सोडायच्या आधीच विचारलं, अमरीन, मासळीचं शिकलेली पोरगी कोळशाच्या गावात काय करणार?

चहा पिताना सगळं सांगितलं. मत्स्यखात्याच्या प्रशिक्षणात आम्हाला एक फिल्म दाखवली होती. समुद्रातल्या तेलविहिरींचे निकामी सांगाडे काही देशांत भंगारात न काढता तळाशी ठेवतात. त्यांना शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात, मासे घर करतात. इथे समुद्र नाही, पण बंद पडून पाण्याने भरलेली खदान आहे. तळ अगदी बोडका, माशांना आडोसाच नाही. तिथे एक जुना शॉवेल बुडवायचा आहे. म्हणजे कोळसा उपसायचं यंत्र, दुमजली घराएवढं. आपा खूप हसल्या. लोखंडात मासे पिकवणार म्हणाल्या!

८ जानेवारी
खदान पाहिली. पाणी हिरवंनिळं आणि इतकं शांत की जोरात बोलायला संकोच वाटतो. डंपरचा जुना रस्ता उतरत उतरत थेट पाण्यात शिरतो. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे देवाजीभाऊ भेटले. डोंगा, म्हणजे छोटी होडी, त्यांचा आणि बुडी मारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. बायको आशाबाई काठावर जाळी विणत होती. दोघं एकमेकांना सारखी टोचून बोलतात आणि एकाच ताटात जेवतात.

१३ जानेवारी
बुडवला! तेल, ग्रीस सगळं आधी काढलं होतं. केबिनची दारं, काचा मी स्वतः उभं राहून काढून घेतल्या, कोणी आत अडकायला नको. डोझरने ढकलला तसा शॉवेल त्या रस्त्यानेच खाली गेला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. देवाजीभाऊंनी नारळ सोडला.

२४ जानेवारी
इतक्या लवकर? रोहू, कटला, मरळ, सगळे शॉवेलभोवती. डोंग्यातून खाली पाहिलं की चंदेरी पाठी नुसत्या वळवळतात. आशाबाईने बळेच जेवायला बसवलं. मरळीचं झणझणीत कालवण आणि भात. देवाजीभाऊ म्हणाले, या सालच्या मासोळीवर पोरीचं लग्न होते. मला रडूच आलं, आनंदाने.

१ फेब्रुवारी
काहीतरी बिनसलंय. शॉवेलजवळ एकही मासा नाही. सगळे पलीकडच्या काठाला, उथळ पाण्यात, एकमेकांवर चढून. कित्येक चिखलात येऊन मेलेत. पाणी तपासलं. प्राणवायू ठीक, तेलाचा अंश नाही. कारण सापडत नाही. आशाबाई म्हणाली, मासोळी भेली हाय. कशाला भ्यायली असेल?

२ फेब्रुवारी
देवाजीभाऊ खाली जाऊन आले. मी नको म्हटलं नाही. मलाही कारण हवंच होतं.

वर आले तेव्हा हसत होते, पण डोळे हसत नव्हते. केबिनमध्ये काही दिसलं नाही म्हणाले. नुसता हात घातला.
“आत गरम हाय, बाई. कोनी निजलं असल्यावानी.”
एवढ्या गार पाण्यात गरम कसं, मी विचारलं. हात पुसत ते म्हणाले,
“घर तुमी बनवलं. रायाले कोन येते, थे तुमच्या हातात हाय का?”

४ फेब्रुवारी
देवाजीभाऊंचा उजवा हात सुकत नाही.

घाम नाही हा. मनगटापासून खाली पाणी पाझरतं आणि बोटांवरून गळत राहतं. आशाबाई पदराने पुसते, चुलीशी धरते, पुन्हा तेच. डॉक्टरने मलम दिलं, ते वाहून गेलं. “काऊन सुकत नाई वो हा हात?” तिने मला विचारलं. मी शिकलेली ना.

त्यांना मात्र त्रास दिसत नाही. दिवसभर खदानीच्या रस्त्यावर बसतात, हात पाण्यात बुडवून. तिथेच बरं वाटतं म्हणतात.

६ फेब्रुवारी
गेले. भर दुपारी, सगळ्यांदेखत. पोहत नव्हते. त्या रस्त्याने चालत उतरले, घरी जावं तसे. आशाबाई धावली, मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती माझा हात घट्ट धरून ओरडत होती. तिचे दोन्ही हात ओले होते. मला वाटलं, डोळे पुसले असतील —

डोंगे फिरवले. बुडी मारायला कोणी तयार नाही.

७ फेब्रुवारी
आशाबाईही नाही. चपला रस्त्यावर, पाण्याकडे तोंड केलेल्या.

माझा हात — सकाळपासून पुसतेय.

८ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याखाली कागद विरघळतो. आतून कडी लावून घेतलीय. आपांनी शिवायला आलेल्या मुलींना घरी पाठवलं. ताप असेल म्हणतात, दार उघड म्हणतात. मला हात लावू नका, एवढंच सांगते त्यांना.

जायचं नाही. जायचं नाही. पण तिकडे ऊब आहे, हे मला इथे बसून कळतंय. थंडी वाजतेय. नुसती बोटं बुडवली तर —

नाही.

हाताखालची बादली भरली. फरशीवर — खाटेखाली — सगळीकडे. आपा बाहेर काय करतायत? पुसतायत. दाराखालून पाणी येतंय म्हणतात. आपा, पुसू नका, हाताने पुसू नका, ओरडतेय मी —

त्या विचारतायत, अमरीन, हे पाणी इतकं गरम कसं —