स्पीकर दुरुस्तीला निघण्याआधी वाच

तात्यापारा, रायपूर
मंगळवार

चि. तुळशीराम यास,

थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हटलं की तू मुद्दाम चढतोस, म्हणून काही म्हणत नाही. फोनऐवजी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलतोस, मी "हव, हव" म्हणते आणि कशाला होकार दिला ते मागून माझ्या धम्मदीपकडून कळतं. रविवारी तसंच झालं. आमच्या वाचनालयाचा बंद स्पीकर फुकटात दुरुस्त करायला तू नागपूरहून हत्यारांची पेटी घेऊन येणार, हे मला पोरानं कागदावर लिहून दाखवलं. वाचून डोळे भरून आले. दुकान बंद ठेवून परक्या गावच्या लेकरांसाठी धावून येणारा भाऊ सगळ्यांना मिळत नाही. तेव्हा काय घडलं ते नीट सांगते.

वाचनालयात दर शनिवारी दुपारी सहा वर्षांखालच्या मुलांना फुकट सिनेमा दाखवतात. (फुकट म्हटलं की धम्मदीपला शंका येते. आत नेऊन काहीतरी विकतील, म्हणाला. उलट मुरमुऱ्याचे लाडू वाटले.) यशोधरेला न्यायचं काम माझ्याकडे आलं. नात पाच वर्षांची झाली, पण आमची अडचण तुला ठाऊकच आहे. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, तेही पळता पळता, आणि ते मला ऐकू येत नाही. एका घरात राहून आमचं बोलणं "खाना खाया?" एवढंच. फार लागायचं मला ते.

तर दिवे मालवले, पडद्यावर हत्तीचं पिल्लू चालू लागलं, आणि आवाज नाही. मी समजले, कानातल्या मशीनचा सेल संपला. मशीन काढून पदराला बांधलं आणि मुलं हसली की मीही हसू लागले. तेवढ्यात यशोधरेनं माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, "दादी, ये क्या बोल रहा है?" आजीला ऐकू येत नाही हे नातीला कोणत्या तोंडानं सांगू? दिली ठोकून. "अवं पोट्टे, ते म्हणून राह्यलं, मले शाळेत नाही जायचं, माह्यं पोट दुखते." मग त्याची आई बोलली, मग माकड बोललं. (माकडाला मी तुझा स्वभाव दिला. राग मानू नकोस, विचार करायला वेळ नव्हता.) पाऊण तास मी आपली कुजबुजते आहे अशा समजुतीत होते, आणि गोष्ट बाहेरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जात होती.

दिवे लागले तर ग्रंथपाल दयाराम भैया हात जोडून समोर. आता हाकलतात, असं वाटलं. मी मशीन कानात घातलं, तर म्हणतात, "अम्मा, स्पीकर तो शुरू से बंद था। अगले शनिवार भी आइए।" लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेले. सहा शनिवार झाले, जाते आहे. मुलं खुर्च्या सोडून माझ्याभोवती बसतात. आणि परवा मी पोळ्या लाटत असताना यशोधरा मागून आली, माझ्या कानातलं मशीन स्वतःच्या हातानं नीट बसवलं आणि म्हणाली, "आजी, मंग काय झालं?" मराठीत, तुळशीराम! तव्यावरची पोळी करपली, करपू दिली. त्या वाचनालयाचे आणि दयाराम भैयांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. तुझेही नाही. जरूर ये.

तुझी,
सत्यभामाताई

ता. क. ये, पण हत्यारांची पेटी घरी ठेवून ये.

आणखी एक ता. क. कुणाला सांगू नकोस. स्पीकर बिघडलेलाच नाही. वायरची पिन निघाली होती, ती तिसऱ्या शनिवारी दयाराम भैयांना सापडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवर बसलेल्या यशोधरेकडे पाहिलं, आणि वायर कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शेवटचा ता. क. यशोधरा शेजारी बसून सांगते आहे, तसंच्या तसं लिहिते: "आबा, तुमी या. पण स्पीकरले हात नका लावू. आमाले आजीचाच आवाज पाहिजे."