लुडबुड्याचं वजन

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक कुकर आणि ही वही. शीतगृहाच्या आवारातच राहायला जागा मिळालीय, दोन खोल्या. खिडकीतून कामाचं दार दिसतं, म्हणजे उशीर झाला म्हणायची सोयच नाही. एकूण चार चेंबर, आत गोठवलेले मटार आणि मासे, तापमान उणे अठरा. मी ते दर दोन तासांनी लिहायचं आणि संध्याकाळी दारं लावायची, एवढंच काम. ताईने फोनवर विचारलं, एवढ्या लांब एकटी काय करणार आहेस. म्हटलं, थंड डोक्याने विचार. ती हसली नाही. माझ्या विनोदांना ती जन्मात कधी हसलेली नाही.

६ तारीख, गुरुवार

एक कुत्रा मागे लागलाय. मातकट रंग, एक कान उभा, दुसरा रजेवर. मी पायरीवर चहा पीत होते, तर हा आला आणि सरळ माझ्या दोन्ही पायांवर बसला. हाकललं. उठला, गोल फिरला, परत तिथेच बसला. हमालांचे डबे, झाडूवालीची बादली, माझ्या चपला, सगळीकडे याला नाक खुपसायचंच असतं. नाव ठेवलं लुडबुड्या. संध्याकाळी अर्धी पोळी दिली. झालं, आता सुटका नाही.

१९ तारीख, बुधवार

इथला एक नियम मला फार आवडतो. चेंबरचं दार लावण्याआधी त्यावर तीन थापा मारायच्या आणि थांबायचं. आत कुणी असेल तर त्याने आवाज द्यायचा. आवाज आला की दार उघडायचंच, मग बाहेर गाड्या खोळंबल्या तरी चालतील. मी थापा मारल्या की लुडबुड्या असेल तिथून एकदाच भुंकतो. हमाल हसून बेजार. मशीनवाले काका म्हणाले, याला हजेरीपटावर घ्या.

साहेबांना मात्र आवारात कुत्रं चालत नाही. म्हणून दुसरी विद्याही शिकवली. मी ओठांवर बोट ठेवलं की अळीमिळी गुपचिळी. चार दिवसांत शिकला. आजवर माझं इतकं कुणी ऐकलेलं नाही. रात्री तो पायांशी झोपतो आणि मला घर आहे असं वाटतं.

२९ तारीख, शनिवार

साहेब न सांगता आले. लुडबुड्या माझ्या पायात. चार नंबरचं दार माल भरायला उघडं होतं. त्याला आत ढकललं, खोक्यांमागे बसवलं, ओठांवर बोट ठेवलं. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता. साहेब म्हणाले, चार नंबर आता सोमवारीच उघडायचं, लावून टाका. त्यांच्यासमोर तीन थापा मारल्या. आतून काही नाही. म्हणजे हमालांमागून बाहेर सटकला असणार. दार लावलं. किल्ली साहेबांनी नेली.

नंतर आवारभर हाका मारल्या. दोनदा साहेबांना फोन लावायला घेतला. नोकरीला अजून महिनाही झाला नाही. भटकत गेला असेल, येईल.

३१ तारीख, सोमवार

आतच होता. दाराशी. बसलेला. दारावर एक ओरखडा नाही. तोंड घट्ट मिटलेलं.

काकांनी कुंपणापाशी खड्डा खणला. मी उभी होते.

शनिवारी लिहिलंय, सटकला असणार. खरं सांगू? तसं वाटलं नव्हतं. वाटून घेतलं होतं.

चारही चेंबर उणे अठरा. रडू आलं नाही.

१ तारीख, मंगळवार

काम केलं. जेवले. ताई फोनवर म्हणाली, तुझा आवाज असा काय येतोय. म्हटलं, कसा? तिला सांगता येईना.

२ तारीख, बुधवार

चार नंबरवर तीन थापा मारल्या. आतून भुंकला. एकदाच.

काकांना विचारलं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. उघडलं. कुणी नाही. गार हवा पायांवरून बाहेर गेली.

४ तारीख, शुक्रवार

सकाळी पायरीवर चहा. पायांवर वजन आलं. ते वजन मी ओळखते. खाली पाहिलं नाही. चहावर बर्फाचा पापुद्रा धरला.

भीती वाटायला हवी होती. बरं वाटलं.

८ तारीख, मंगळवार

तो आता उठतच नाही. पायांची बोटं पांढरी पडलीत. काल चप्पल निसटली, ते अर्धं आवार चालून गेल्यावर कळलं.

ताई आलीय, न बोलावता. माझे पाय बघून तिने शेकायला पाणी तापवलं. मी पाय बुडवले आणि ती किंचाळली. पाणी उकळतं होतं, तिने अजून विसण घातलं नव्हतं. फोड आलेत. मला काही कळलं नाही.

९ तारीख, बुधवार

ताई म्हणते, उद्या संध्याकाळी निघायचं, माझ्या घरी, आणि एक शब्द बोलायचा नाही. बॅगाही भरल्या तिने.

तो तिच्याकडे बघतोय. मला तो आता दिसतो. पापण्यांवर पांढरं साचलंय.

ताईला सांगायला हवं, आजच जा. पण सांगितलं तर ती मलाही नेईल, मग तो —

नाही सांगितलं.

१० तारीख, गुरुवार, दुपार

फोड ठणकतायत. आई गं. पायांना कळतंय —

म्हणजे तो उठलाय.

ताई जेवून आतल्या खोलीत आडवी झालीय. हाक मारली. ओ देत नाही.

दोन रजया घातल्या. गाल गार. पायांवर नाही — छातीवर बसलाय तिच्या.

डॉक्टर निघालेत. हात थांबला तर मी ओरडेन, म्हणून लिहितेय. त्याला बोलावलं. इकडे ये राजा, माझ्याकडे ये, तिला सोड, तिने काय केलंय, दार मी लावलं — बघतसुद्धा नाही —

ताई, ऊठ ना गं. सगळं सांगते. त्या दिवशी मला माहीत होतं, तो आतच