अभ्यास चालू आहे

३ डिसेंबर, बुधवार
संशोधनाचा पेपर परत आला. विषय चिकूची फुलगळ. परीक्षकांना आकडे पटले म्हणे, चर्चेचा भाग नाही पटला. पुन्हा लिहा, वीस तारखेच्या आत. तलासरीहून, कॉलेजात शिकवून येताना जीपमध्येच मेल वाचला. डहाणूला घरी आल्यावर तडक खोलीत. दार लोटलं, हेडफोन चढवले, राग भीमपलास. विलंबित असलं की माझा हात चालतो, द्रुत आलं की नुसती ऐकत बसते. आज द्रुतच फार झालं.

५ डिसेंबर, शुक्रवार
रजा टाकली. आई पावलं न वाजवता चहा ठेवून गेली. शेजारच्या मासी आल्या, तर त्यांना दारातच म्हणाली, "हळू हां, मुलीचा अभ्यास चालू आहे." छत्तीस वर्षांची मुलगी! हसू आलं. बरंही वाटलं.
अडीच वाक्यं झाली. उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली तेव्हा कळलं, दुपार संपली.

७ डिसेंबर, रविवार
घोलवडला चिकूच्या वाडीत, फुलं मोजायला. कानात गाणं. तान आली की मोजणी चुकते. दोनदा पहिल्यापासून. वाडीतली बाई म्हणाली, "मॅडम, झाडाशी बोलता का?" बहुतेक मी गुणगुणत होते.

१० डिसेंबर, बुधवार
हेडफोनचं चार्जिंग संपलं आणि गाणं लॅपटॉपमधून घरभर. आई कणकेच्या हातांनी दारात.
"अगं, अभ्यास करतेस ना?"
"यावरच करते."
"गाणं लावून?"
"दहावीपासून. बाबांचा वॉकमन असायचा. गाण्याशिवाय मला एक ओळ सुचत नाही, आई."
ती पलंगाच्या कडेला बसली, द्रुत संपेपर्यंत. हातावरची कणीक वाळली.

११ डिसेंबर, गुरुवार
आई बाजारात गेल्यावर बाबांना विचारलं. झोपाळा थांबवून म्हणाले, "तुझी दहावी आली आणि तिनं तंबोऱ्याला गवसणी घालून तो माळ्यावर ठेवला. तुला त्रास नको म्हणून. मग बारावी, मग एम. एस्सी., मग हे तुझे पेपर."
मी समजत होते, गळा गेला म्हणून तिनं गाणं सोडलं. आईच तसं सांगायची.
शाळेतून यायचे तेव्हा दुपारी ती भीमपलास गात असायची. जिन्यातच ऐकू यायचा. म्हणजे पुढची वीस वर्षं मी दाराआड परक्यांचं गाणं ऐकत होते, आणि दाराबाहेर आई माझ्यासाठी गप्प.
खूप रडले. चर्चेचा भाग तसाच.

१४ डिसेंबर, रविवार
म्हटलं, आई, गा ना.
"आता कुठला गळा! आणि आधी तुझा पेपर जाऊ दे."
"तू गायलीस तर जाईल."
"काहीतरीच तुझं." आणि वाल सोलायला बसली. विषय बंद.
बाबांनी न विचारता माळ्यावरून तंबोरा उतरवला. एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. आईनं नुसती धूळ पुसली. खूप वेळ पुसत होती.

१८ डिसेंबर, गुरुवार
दोनच दिवस उरले. आज पुन्हा रजा. हेडफोन कपाटात, दार सताड उघडं. समुद्राकडून वारा, पडदा आत-बाहेर. गाण्याशिवाय काही सुचेना, तरी हटून बसले.
तीनच्या सुमारास स्वयंपाकघरातून आईचा सा. बारीक, कापरा. टिकला जरा, मग तुटला.
"त्रास झाला का गं?"
उत्तरादाखल कीबोर्डवर दणादण बोटं आपटली, तिला ऐकू जातील अशी. अभ्यास चालू आहे, आई. स्क्रीनवर तीन ओळी नुसता कचरा. ही नोंदही त्याच्याच खाली टाइप करतेय.
आई खाकरली. भांडं बाजूला सारल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सा.
बोटं थांबवायची नाहीत. मी थांबले तर तीही थांबेल