टाकीमागचे अच्युतराव

५ नोव्हेंबर
आधी हजेरी. मंगला कशी आहे? दम लागणं कमी, टोमणे पूर्ववत. माझा गुडघा? कुरकुरतो. सीडी प्लेअर? ठणठणीत. अच्युतराव कसे आहेत? इथे पेन थांबतं. हे माझे मेहुणे, मे महिन्यात नागपुरात वारले. मंगला तेव्हा हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, हृदयाला धक्का सोसणार नाही. म्हणून तिला सांगितलंच नाही. घरी आल्यापासून ती दादाचं नावही काढत नाही. फोन करत नाही म्हणून रुसलीय, दुसरं काय.

संध्याकाळी ठगांची कॉमेडी लावली. खोटा नवाब, चिकटवलेली मिशी, शेठजी गारद. टाउनशिपच्या क्लबात अच्युतरावांबरोबर पाहिली, तेव्हापासून एक विनोद शिळा नाही. कारण उघड आहे. शेठजीच्या जागी आपण असतो तर फसलो नसतो, हे दर वेळी नव्यानं कळतं.

अच्युतराव विनोदाच्या जरा आधीच हसायचे. आजही कोणीतरी आधीच हसलं. मंगला स्वयंपाकघरात होती.

संकल्प: मीच अच्युतराव व्हायचं. फोनवर. मिशीचाही खर्च नाही.

७ नोव्हेंबर
पिपलानी मार्केटातून नवं सिम आणलं. परसातल्या पाण्याच्या टाकीमागे उभं राहून घरच्याच लँडलाइनवर फोन. तोंडावर मफलर, नागपुरी हेल, आधी त्यांच्यासारखं खाकरलो. तुझी तब्येत कशी, काशिनाथराव कसे, त्यांचा गुडघा कसा, एकेकाचं विचारलं. मंगला म्हणाली, मी बरी आहे रे दादा, हे मात्र संध्याकाळी कुठे उलथतात कोण जाणे. आवाज भरून आला होता. आनंदानं.

शेठजी गारद!

१२ नोव्हेंबर
शेजारच्या तिवारीजींनी पकडलं. म्हणे, क्यों भाईसाहब, इस उमर में छुप-छुप के किससे बतिया रहे हो, भाभीजी को बताऊँ? साल्याशी, म्हटलं. खोटं नव्हतं.

१९ नोव्हेंबर
आज बोलता बोलता विचारलं, लहानपणी हौदाच्या पायरीवरून पडलीस, तो हात थंडीत दुखतो का गं? ती म्हणाली, दुखतो. जेवायला बसल्यावर लक्षात आलं. हा हात मला सांगितला कुणी? मंगलाने कधीच नाही. अच्युतरावांनी? आठवत नाही. सरावानं येतं, असं लिहून ठेवतो.

ड्यूटीवर सही करताना ‘अ’ काढला. खोडला.

२६ नोव्हेंबर
संकल्प: फोन बंद, सिनेमे बंद, डोकं शांत.

सायंकाळी फक्त पाय मोकळे करायला टाकीमागे गेलो. कोणीतरी आधीच खाकरलं. तिथे पेरूचं झाड आणि तिवारीजींची स्कूटर. दोघंही खाकरत नाहीत.

मग फोन लावलाच. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

१० डिसेंबर
कडाक्याची थंडी. छाती भरलीय. पण योजना पक्की: आज अच्युतरावांना मुलाकडे दुबईला पाठवायचं, की फोन आपोआप कमी. सिनेमात ठग असेच सुटतात. वाक्यं घोकून गेलो.

तोंड उघडायच्या आत मंगलाच बोलली. म्हणाली, दादा, तू गेलास ते शशिकलावहिनीनं मला घरी आल्या आल्याच सांगितलं. यांना बोलले नाही. मला काही होईल म्हणून धास्तावलेले असतात. तुझा आवाज काढतात बिचारे. फारसा जमत नाही, पण मला पुरतो.

बरं, म्हणालो. कुणाच्या आवाजात, कळलं नाही.

मग म्हणाली, पण रोज गारठ्यात उभे राहतात, खोकून खोकून हैराण, सांगून ऐकायचे नाहीत. तेव्हा आता फोन नको करूस. पत्र लिही. यांना म्हणावं, आत येऊन बसा, शाल घ्या, आणि सावकाश लिहा. मी वाट बघते रे. लवकर लिही.