डबा दुरुस्तीला काढलाय

४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. निम्मी जागा माझ्या तब्येतीच्या चौकशीने अडवलीस आणि उरलेल्या निम्म्यात सल्ले कोंबलेस. नर्स बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे केस पेपर भरल्यासारखंच झालंय. तर एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. फुप्फुसं होती तशीच आहेत, म्हणजे वाईट. ऑक्सिजनचं मशीन आता रात्रंदिवस लागतं. नाकातली नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पुरते, पुढे भाजी करपली तरी मी नुसती बघत उभी. फोनवर बोलायला दम पुरत नाही, लिहायला पुरतो, म्हणून पत्र. डॉक्टर हल्ली नवीन औषध लिहून देत नाहीत, खांद्यावर हात ठेवतात. कळायचं ते कळलं.

आता खरी बातमी. आम्ही डबा बाहेर काढतोय. जीपमागे जोडायची ती आमची पत्र्याची झोपायची खोली. तू पहिल्यांदा बघून हसत सुटलीस आणि डबा म्हणालीस, तेव्हापासून तेच नाव चिकटलं. सांगाडा, चाकं, खालचे स्प्रिंगचे पाटे सगळं तुझ्या भावोजींच्या हातचं, बसच्या बॉड्या बांधून बांधून राठ झालेल्या हातांचं. वायरिंग माझं. जन्मभर मोटरी वाइंडिंग करून पोट भरलेल्या बाईने आपल्या घरात दुसऱ्याला वायर कशी ओढू द्यावी?

दर वर्षी त्या दगडधोंड्यांच्या वाटेने आम्ही पठारावर जात होतो. गेली दोन वर्षं चुकली. मला एकदा जायचंय, बाई. दुकानात बसून आयुष्यभर समोरची भिंत बघितली आणि वार्निशचा धूर घेतला. शेवटी तरी डोळ्यांपुढे भिंत नको.

विजेचं गणित मी चारदा मांडलंय. मशीन जेवढं खातं तेवढं सगळं काही छतावरचं सोलर पॅनल भरून देत नाही, बॅटऱ्या रोज थोड्या उतरत जाणार. यंदा पाऊस लवकर आटपलाय, आत्ताच्या उन्हात पाच रात्री आरामात निघतात. तिथे उभं राहून जीपवर बॅटऱ्या भराव्यात तर धूर माझ्याच नाकात. आणि पुढच्या महिन्यापासून ऊन तिरपं होतं, दिवस आखडतो. म्हणून निघायचं तर आत्ताच. तुझे भावोजी हो म्हणालेत, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

रागावशील हे माहीत आहे. रागाव, पण लोभ आटवू नकोस.

तुझी,
ताई


११ सप्टेंबर

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. ताईच्या हाती लागलं तर माझी धडगत नाही.

तिने मला पठाराचं लिहिलंय. भावोजी, मी छातीच्या वॉर्डात काम करते. मशीन बंद पडलं म्हणजे काय होतं ते मी बघितलंय, तुम्ही बघितलेलं नाही, आणि तुम्ही ते बघू नये असं मला वाटतं. तिचं गणित बरोबर असेल, ताईचं गणित कधी चुकत नाही. पण एक वायर सुटली, एक ढग आला, तर त्या खडकावर तुम्ही कोणाला हाक मारणार आहात?

तिला नाही म्हणायची तुमची छाती नाही, माझीही नाही. आई-वडिलांचीसुद्धा नव्हती. पण डबाच तयार नसेल तर ती कोणावर चिडणार? दुरुस्ती म्हटली की महिना सहज जातो हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. थंडी सुरू झाली की ती आपणच विचार सोडून देईल. तिला अजून काही दिवस मिळावेत, बाकी काही नाही. माझ्यासाठी एवढं करा.

चूक वाटली तर धाकटी म्हणून पदरात घ्या.

तुमची,
भिंगरी


१९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. डाव्या चाकाचं बेअरिंग काढलं आणि खराब झालंय म्हणून तिला सांगितलं. चांगलं ठणठणीत होतं. अडगळीतून एक जुनं, घासलेलं शोधून आणलं आणि पुरावा म्हणून तिच्या हातावर ठेवलं. तिने बोटाने फिरवून बघितलं आणि नवीन मागवा म्हणाली. मी मागवतो म्हणालो.

चांगलं बेअरिंग तिच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवलंय. तो डबा तिने वर्षभरात उघडलेला नाही. माझ्या हत्यारांत मात्र ती रोज डोकावते.

मला खोटं बोलायची सवय नाही. मी अंगणात चाकाशी बसतो, ती दारात खुर्ची टाकून, नळी ताणून, माझं काय चुकतंय ते सांगत बसते. मी खोटंखोटं ठोकाठोक करतो. त्या वेळी तिचा चेहरा बरा दिसतो, म्हणून मीही जरा जास्तच ठोकतो. पुढे पाटे काढीन म्हणतो.

कळावे. तब्येतीला जप.

तुझे,
भावोजी


८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आमच्याकडे दुरुस्तीचा सप्ताह महिनाभर चाललाय. बेअरिंग झालं, मग पाटे झाले, मग जीपला जोडायच्या आकड्याला म्हणे चीर गेली. मला ती चीर दिसेना, तर चष्मा बदल म्हणाले. परवा इन्व्हर्टरही बंद पडला. आता मात्र अति झालं. वायरिंग माझं आहे, बाई. नळीला नळी जोडून डब्याच्या पायरीपर्यंत गेले, झाकण उघडलं, तर फ्यूज जागेवर नाही. उडाला असता तर जळका तुकडा राहिला असता. काढून घेतलेल्या फ्यूजला जळकट वास येत नसतो, एवढं त्या माणसाला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नाही.

चांगलं बेअरिंग माझ्या शिवणाच्या डब्यात सापडलं. चोराला माल लपवायला जागासुद्धा बायकोचीच सापडावी! आणि ही अक्कल त्यांची नव्हे. ते असे सरळ की दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर घामाघूम होतात. हा कावा तुझा आहे. लहानपणी शाळेला दांडी मारायची म्हणून माझी चप्पल लपवणारी तूच.

मी चिडलेले नाही. आधी चिडले होते, दोन दिवस अबोला धरला, तर त्यांना वाटलं मला धाप लागतेय. मग लक्षात आलं. मी गेल्यावर काय, हे ते बोलत नाहीत, नट पिळत बसतात. म्हणून मला कळलंय हे त्यांना मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस. त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

पण तुला स्पष्ट सांगते. दर आठवड्याला ऊन कमी होतंय. पाचाच्या आता तीन रात्री राहिल्यात, अजून उशीर केलात तर दोन. तुला मी जास्त दिवस हवी आहे, हे मला समजतं. पण ते दिवस या खोलीतले आहेत, भिंगरी, छताकडे बघत काढायचे. ते माझे आहेत, तुझे नाहीत. कसे खर्चायचे ते मला ठरवू दे. तू लावलेलं कुलूप तूच काढ.

मायेत कमी करू नकोस, फक्त हात जरा सैल सोड.

तुझी,
ताई


१५ ऑक्टोबर

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

चाक पुन्हा जोडा. काढलेलं सगळं जागेवर लावा. मी मागच्या पत्रात मागितलं ते परत घेते.

का ते विचारू नका. वॉर्डात आज एका आजोबांची खाट खिडकीशी हलवली. किती दिवस मागत होते, आम्ही आज-उद्या करत होतो. त्यांना आता मान वळवता येत नाही. मी बाहेर जाऊन रडून आले. आपण ताईचं तेच करतोय, भावोजी.

सोबत भरलेला सिलिंडर घ्या, मी इथून व्यवस्था केलीय, दोन दिवसांत पोचेल. तो वाटेसाठी, आणि मशीन दगा देईल तर. ओठ किंवा नखं निळसर दिसली तर सिलिंडर लावून लगेच उतरायला लागा, तिचं काही ऐकू नका. मला आता रजा मिळत नाही, आणि तुमच्या डब्यात तिसरं माणूस मावतही नाही. नाहीतर छतावर बसून आले असते.

उलटसुलट सांगते म्हणून हसाल, पण या वेळीही ऐका.

तुमची,
भिंगरी


२७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी ते दहा दिवस खिशात घेऊन फिरलो. तू लावलेली आग तू विझवलीस, पण माझी पेटलेलीच होती. आधी तुझ्या सांगण्यावरून करत होतो, नंतर माझं मीच करत होतो. डबा दुरुस्तीला आहे तोवर ती निघणार नाही, आणि निघणार नाही तोवर ती आहे. असलं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तुला नाही म्हणून लिहायला कागदही घेतला होता.

काल शिवणाचा डबा उघडला. बेअरिंग रिळांखालीच होतं, पण मी ठेवलं तसं नव्हतं. धुऊन पुसून नवीन ग्रीस भरलेलं, मऊ कापडात गुंडाळलेलं. तळहातावर ग्रीस घेऊन प्रत्येक गोळीभोवती दाबून भरायचं हे मीच तिला शिकवलं होतं. एवढं काम करायला तिला किती वेळा थांबून श्वास घ्यावा लागला असेल, ते मनात आलं आणि मी तिथेच खाली बसलो.

मग चाक जोडलं. ती दारात येऊन बसली होती.  शेवटचा नट आवळताना, अजून अर्धा फेरा, एवढंच म्हणाली.

सिलिंडर पोचला. चार तारखेला निघतो.

तुझे,
भावोजी


६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पठारावरून लिहितेय. पोचलो. वाटेत तीनदा हाडं खिळखिळी झाली, पण पाटे मस्त बसवलेत, भांडं हललं नाही. त्यांनी डब्याचं मागचं दार पूर्ण उघडून दिलंय, मी अंथरुणावरूनच सगळं बघते. खडक, वाळकं गवत, आणि मग काही नाही. नजर जाते तिथपर्यंत जाते, कोणी अडवत नाही. मी काल दिवसभर नुसती बघत होते. जेवायलाही मान वळवली नाही, त्यांनी घास भरवला. लाज वाटली नाही.

दोनच रात्री निघाल्या. मीटर माझ्या उशाशी आहे, ते खोटं बोलत नाही. पंप, पंखा, दिवा सगळं बंद ठेवून फक्त मशीन चालवलं, तरी ऊन फार कमी. आज दुपारी उतरायचं.

आणि आता गंमत ऐक. आवरा म्हटल्यावर हे चाकाशी गेले, हलवून बघितलं, आणि गंभीर चेहऱ्याने परत येऊन म्हणतात की बेअरिंगचा आवाज येतोय, आज राहून उद्या सकाळी बघावं. मला इतकं हसू आलं की खोकल्याने जीव घाबरा झाला. त्यांनी धावत येऊन पाठ चोळली आणि स्वतःही हसले. मग आम्ही दोघंही रडलो. घरून निघू नये म्हणून खोटं बोलणारा माणूस आता घरी जाऊ नये म्हणून बोलत होता. मी आवरायला लावलं. कोणीतरी मन घट्ट करायलाच हवं.

तीन रात्री गेल्याचं वाईट वाटतं, नाही असं म्हणणार नाही. पण त्या तुम्ही दोघांनी माझ्यापायीच घालवल्यात, त्याचा राग कसा धरू? त्यांना वेळ हवा होता, मला ही जागा. दोघांना थोडं थोडं मिळालं. तू मनाला लावून घेऊ नकोस, हा माझा हुकूम समज.

माझ्यामागे त्यांना पत्र लिहीत जा. ते दोन ओळींत उत्तर देतील, तरी लिहीत जा. माझ्यावरचा लोभ त्यांच्या नावावर कर.

तुझी,
ताई


९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. आ.

तू परत गेलीस आणि घर फार मोठं झालं. जेवतो, कामावर जातो. काळजी करू नकोस.

त्या दिवशी सगळी माणसं होती, तुला नीट सांगता आलं नाही. ती पहाटे झोपेतच गेली. मी चहा घेऊन गेलो तेव्हा कळलं. मशीन चालू होतं, नळी नाकात होती. डॉक्टर येईपर्यंत मी ते बंद केलं नाही. बंद करायला हात गेला होता, पण इतके दिवस ते चालू राहावं म्हणून सगळा आटापिटा केला, आता त्याच हाताने बटण कसं दाबायचं ते कळेना. शेवटी डॉक्टरांनी दाबलं.

जाताना तू म्हणालीस की तुझ्यामुळे तिच्या तीन रात्री गेल्या. तुझ्यामुळे नाही. तू महिनाभराने थांबवलं होतंस, मी नंतरही दहा दिवस काढले. वाटून घ्यायचंच तर मोठा वाटा माझा.

मशीन दवाखान्याने परत नेलं. डबा अंगणात उभा आहे. ती करायची तशी रविवारी पॅनलवरची धूळ पुसतो, बॅटऱ्यांचे स्क्रू आवळतो, मीटर बघतो. या दिवसांत ऊन कमीच, पण आता खाणारं कोणी नाही. बॅटऱ्या काठोकाठ भरतात आणि तशाच राहतात. आज पुन्हा बघितलं. पाच रात्री पुरेल एवढी वीज आहे, भिंगरी.

पत्र लिहीत जा. माझ्याकडून दोन ओळी आल्या तरी रागावू नकोस, आणि लोभ आता दोघांच्या वाटणीचा मलाच दे.

तुझे,
भावोजी