आईच्या फोटोमागचा पुठ्ठा

कोपर, मंगळवार, मे १९८७

होडीच्या जुन्या इंजिनातून ऑइल गळतं म्हणून ह्यांनी ते खोललं, आणि सांध्यात बसवायचं गॅस्केट कापायला माझ्या आईच्या फोटोमागचा पुठ्ठा काढला! आई गेल्यावर तेवढा एकच फोटो उरलाय. मी आले तर फोटो तेलात उपडा, आणि हे पुठ्ठा इंजिनावर धरून हातोडीने कडा ठोकतायत. तीच हातोडी हिसकावून मी फेकून मारली. ह्यांचं कपाळ फुटलं. तरी मी पान्हा उचललाच.

"अगं, जीव घेशील!"

"घेईन!"

जास्त झालं का? नाही. बाजारात पुठ्ठा मिळत नव्हता?

मग रक्त पुसत त्यांनी तोच पुठ्ठा बसवला, इंजिन चालू केलं. आता एक थेंब गळत नाही. फोटोत आईचा चेहरा ओळखू येत नाही.

उद्या इंजिन पुन्हा खोलायला लावणार. तो पुठ्ठा माझ्या आईचा आहे.