हयात मंडळी सगळी नॉर्मल

तांडापेठ, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

चि. सरितास,
रुपरावचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘मले’, ‘तुले’ आणि ‘काहून’ वाचून माझी चौतीस वर्षांची मास्तरकी पाण्यात गेली असे वाटले. तुझे कान गेले, फोन सुटला आणि पत्रे सुरू झाली, त्यामुळे तुझी भाषा आता कागदावर उमटून मला छळते. पण तुला या वयात कोण सुधारणार!

बातमी मोठी आहे. नूपुरचे जमले. मुलगा प्रीतम, पवनीचा, आपल्याच विणकर समाजातला, बँकेत नोकरीला. वडील भैयाजी यांचे कापडाचे दुकान आहे. मुलगी पसंत पडली, चहापोहे झाले, आणि जाताना चप्पल घालता घालता भैयाजींनी विचारले की मास्तर, घरात बाकी सगळे नॉर्मल ना? आपला चेतन तेव्हा मागच्या खोलीत होता. बाहेरून मी कडी लावली होती. दोन दिवसांत सांगतो म्हणालो.

नॉर्मल म्हणजे काय ते मला भैयाजींपेक्षा बरे कळते. लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा. लाकूड गुण्याला लागले तर नॉर्मल, नाही तर रंधा मारायचा. माणसाला हा शब्द फार उशिरा चिकटला, जेमतेम दोनशे वर्षे झाली असतील. त्याआधी तो भिंती आणि चौकटींपुरताच होता. आता रिपोर्ट नॉर्मल, पाऊस नॉर्मल, बाळंतपण नॉर्मल. चेतनच्या वेळी अंजूची डिलिव्हरीसुद्धा नॉर्मलच झाली होती, शब्दाचे नशीब बघ. एकोणतीस वर्षांचा घोडा झाला, अजून चपला उलट्या घालतो.

तर लग्न होईपर्यंत त्याला तुझ्याकडे ठेव. येत्या रविवारी आणून सोडतो. लग्न पार पडले की परत आणीन, शब्द देतो.

तुझी माया आमच्यावर आहेच, ती या चार महिन्यांत आटू नये.
तुझा भाऊ,
रुपराव


उमरेड
२५ ऑगस्ट २०२४

ती. भाऊस,
धाकट्या सरिताचा सा. न. वि. वि.

नूपुरचं जमलं, लय आनंद झाला. अंजूवहिनी असती तर सारी गल्ली डोक्यावर घेतली असती. चेतन मजेत आहे. पहिल्याच दिवशी सहा भाकरी हाणल्या आन् वरून विचारलं का आत्या, तुह्यासाठी राहिली का? शेजारच्या धोंडबाच्या मागापाशी बसून सुताच्या कांड्या भरून राहिला. धोंडबा म्हणते का एवढी साफ कांडी माह्या पोरायनं कधी भरली नाही. तू उगाच त्याले घोडा म्हणतोस गा.

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळते, आन् त्याले नवा शर्ट भेटते, हे वहिनीनं त्याले लहानपणीच सांगून ठेवलं आहे. रोज सकाळी तो माह्या कानावर शिकून राहिला. मले ऐकू येत नाही म्हणून काय कान फुकटचा झाला? पण पिळतच नाही, नुसता धरते. मी म्हटलं थोडा जोर लाव, नवरदेवाले कळलं पाहिजे. तर म्हणते, दुखन ना त्याले.

आता खरं लिहिते, भिऊ नको. डॉक्टरनं माह्या हृदयाची झडप खराब सांगितली. जानेवारीत नागपुरात मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. मंग माहं मलेच होणार नाही, त्याले कोण पाहीन? म्हणून लग्न झालं का त्याले घरी घेऊन जा. मांडव सुटला का तो घरी पाहिजे, एवढंच मागते. आन् भैयाजीले तू काय सांगितलं ते लिहिलंच नाही. गुण्या न् रंधा समजला, पण सांगितलं काय?

लहान बहिणीवर जीव ठेवजो.
सरिता


तांडापेठ, नागपूर
१० सप्टेंबर २०२४

चि. सरितास,
आशीर्वाद विशेष.

झडपेचे वाचून काळजी वाटली. तिखट कमी कर. ऑपरेशनच्या वेळचे तेव्हा बघू, आधीपासून धास्ती घेतली तर धडधड वाढते.

नॉर्मलवरून आठवले, आपले आजोबा ‘नॉर्मल पास’ होते, ठाऊक आहे ना? त्या काळी मास्तर घडवायच्या शाळेला नॉर्मल स्कूल म्हणत. इतर शाळांनी जिच्याकडे पाहून चालावे अशी नमुन्याची शाळा, असा अर्थ. म्हणजे आपल्या घराण्याला या शब्दाचा मान आहे, त्याला माझ्या पिढीत बट्टा लागायला नको.

भैयाजींना मी सांगितले ते असे, की आमची हयात मंडळी सगळी नॉर्मल आहेत. वाक्य चार वेळा तपासून दिले. त्यांचे समाधान झाले. १५ तारखेला साक्षगंध (पुणेकरांचा साखरपुडा) आहे, पण तुझ्या छातीला प्रवास झेपणार नाही, तेव्हा येऊ नकोस. कान पिळायला अंजूच्या भावाचा विक्की आहे. चेतनला ते आत्ताच सांगू नकोस, रडून घर डोक्यावर घेईल.

दूर असलीस तरी मनाने इथेच असावीस.
रुपराव


उमरेड
१८ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

पत्रिका भेटली. पाकीट चेतननंच फोडलं. तीन महिन्यांत त्याले मी अक्षराले अक्षर जोडून वाचायले शिकवलं, तुले सांगून चकित करायचं होतं. बोट ठेवत ठेवत वाचून राहिला होता. ‘यांच्या कृपाशीर्वादाने’ असं लिहिलं, त्याच्याखाली पहिल्याच ओळीत आपले बाबा, आई, मंग कै. सौ. अंजू, आन् तिच्या बाजूले कै. चि. चेतन.

नाचला तो, भाऊ. आईच्या बाजूले माहं नाव छापलं म्हणून नाचला. पत्रिका घेऊन साऱ्या गल्लीत दाखवून आला. धोंडबाच्या बायकोनं वाचली आन् पदर तोंडात कोंबला. घरी येऊन मले विचारते का बाकीच्यायले श्री आहे, मंग मले, आईले न् आजा-आजीलेच कै. काहून? मी म्हटलं, घरात जे सगळ्यात लाडके असतात त्यायले लिहितात. देवा, खोटं बोलली मी. तुह्या पापासाठी माही जीभ विटाळली.

हयात मंडळी सगळी नॉर्मल! आता समजलं मले ते वाक्य. तुले भाऊ म्हणायची लाज वाटते. जित्या पोराले मारून टाकलं आन् वरून छापून वाटलं! मले काहून ते लिही. गुण्या सांगू नको, नॉर्मल स्कूल सांगू नको, काहून तेवढं लिही.

सरिता


तांडापेठ, नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सरितास,
आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. विचारलेस म्हणून सरळ लिहितो. भैयाजींना मी चेतन नॉर्मल आहे असे सांगू शकलो असतो. शंभरातले नव्वद बाप तेच करतात, ‘थोडा लाजाळू आहे’ म्हणतात. पण चौतीस वर्षे शब्दाचा चुकीचा वापर केला म्हणून मी पोरांच्या हातावर छड्या ओढल्या. मी त्याला तो शब्द लावला असता तर तो शब्दाचा खून झाला असता, तो माझ्याने होत नाही. मग मी वाक्य खरे ठेवले आणि चेतनला वाक्यातून काढले. करोनात गेला म्हणून सांगितले. त्या वर्षीच्या मरणाला कोणी फार खोदून विचारत नाही.

नूपुरला विचारूनच केले. ती आधी रडली, मग म्हणाली की बाबा, तुम्ही म्हणता तसे. विहीणबाई तर हेलावून गेल्या. पोरीचा भाऊ गेला म्हणून त्यांनी हुंड्याचा शब्द काढला नाही, मानपानाचा काढला नाही. जिवंतपणी त्याने बहिणीसाठी काय केले असते? आज एवढे तरी झाले.

५ डिसेंबरला एकटी ये. त्याला आणलेस तर नूपुरचे लग्न मोडेल आणि ते तुझ्या माथी येईल.

राग गिळून आम्हाला आपले म्हण.
रुपराव


पवनी
१४ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
नूपुरचा नमस्कार.

तू आली नाहीस, मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू. लग्न छान झालं. विक्कीने प्रीतमचा कान असा पिळला की तो लालच झाला, सगळे हसले. सासूबाईंनी स्टेजवर एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर दादाचा तो एकच जुना, मिसरूड फुटायच्या आधीचा फोटो ठेवायला लावला, हार घालून. सप्तपदी झाल्यावर आम्ही दोघं त्याच्या पाया पडलो. सगळे रडले, मी पण रडले. आणि आत्या, रडता रडता मला खरंच वाटलं की दादा गेला. इतकं हलकं वाटलं ना मला, तुला कसं सांगू. लहानपणापासून मैत्रिणींना घरी आणलं नाही मी. आता पहिल्यांदा कोणी मला विचारलं की भाऊ काय करतो, तर सांगता येतं.

सोबत त्याच्यासाठी एक शर्ट पाठवते आहे. कोणी दिला ते सांगू नकोस. धोंडबाकाकांच्या फोनवरून तो मला दोनदा फोन करून गेला, प्लीज तेवढं थांबव. सासूबाई जवळच असतात.

माझ्यावर रागावू नकोस, आई गेल्यावर तूच तर मला वाढवलंस.
तुझी,
नूपुर


उमरेड
५ जानेवारी २०२५

भाऊ,

ऑपरेशन २० तारखेले आहे. वाचली तर वाचली. धोंडबाच्या घरी आधीच सात माणसं आहेत, दोन खोल्या. चेतनले घर आहे, बाप आहे, तो तिथं जाईन. संक्रांतीच्या सकाळी धोंडबा त्याले नागपूरच्या बसमध्ये बसवून देणार आहे. तू स्टँडवर येजो. पत्ता त्याच्या खिशात आहे.

कै. म्हणजे काय ते त्याले सांगितलं मी. आज ना उद्या कोणी तरी हसून सांगितलं असतं, त्यापेक्षा मीच सांगितलं. दिवसभर मागावर गेला नाही. संध्याकाळी जवळ आला न् विचारलं का आत्या, मी मेलो तेव्हा दुखलं का मले? मी म्हटलं, नाही रे राजा. काय सांगू दुसरं? तू मास्तर आहेस, तू सांग.

नूपुरचा शर्ट त्याले आवडला. तोच घालून येणार आहे.

सरिता


तांडापेठ, नागपूर
१५ जानेवारी २०२५

चि. सरितास,
आशीर्वाद.

तू हट्ट केलासच. काल प्रीतम आणि नूपुर पहिल्या संक्रांतीला आले होते, सोबत विहीणबाई. पाहुणे टाकून मी स्टँडवर कसा येणार? दुपारी पानावर बसलो असताना हा लोकांना पत्ता दाखवत दाखवत दारात उभा. मला बाबा म्हणून हाक मारेल म्हणून मीच आधी बोललो, की उमरेडला बहिणीकडे असतो तो गडी आहे, तिळगूळ घेऊन आला. नूपुर ताट सोडून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

विहीणबाई फार प्रेमळ. म्हणाल्या, आपला चेतनही असाच दिसत असेल हो. त्याला ओसरीवर जेवायला वाढले. मग हात धरून भिंतीवरच्या फोटोपाशी नेले आणि सांगितले की हा या घरचा मुलगा, नमस्कार कर. त्याने केला. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्यांना सांगितले की हा मेला, पण त्याला दुखले नाही. विहीणबाईंनी डोळे पुसले. मला मान्य करावे लागेल, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मला वाटले नव्हते इतकी समज त्याला असेल.

जेवून ताट घासून ठेवले. मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन उमरेडच्या बसची दिशा दाखवली आणि परत आलो, पाहुणे खोळंबले होते. त्याने विचारले की पुन्हा केव्हा येऊ. मी नको म्हणालो. तुझे ऑपरेशन होईपर्यंत धोंडबाला सांभाळू दे, पुढे एखादा अनाथांचा आश्रम वगैरे बघता येईल.

तो पोचल्याचे दोन ओळींनी कळव. औषध वेळेवर घे आणि आम्हाला विसरू नकोस.
रुपराव


उमरेड
१८ जानेवारी २०२५

भाऊ,

चेतन इथं आला नाही.

तुहं पत्र काल भेटलं. तोपर्यंत मी समजून राहिली होती का तो घरी आहे, तुह्याजवळ आहे, तुले त्याची दया आली. चौदा तारखेपासून आज पाचवा दिवस. धोंडबा कालच नागपुरात गेला, दोन्ही स्टँड पाहिले, इतवारीतल्या हमालायले विचारलं. मंग ठाण्यात गेला. ठाण्यातल्या साहेबानं विचारलं का तू कोण लागतोस. शेजारी म्हटल्यावर म्हणाले का घरच्याले पाठवा, फोटो घेऊन. माह्याजवळ त्याचा एकही फोटो नाही. जो आहे तो तुह्या भिंतीवर आहे, हार घातलेला.

मी परवा टेबलावर जाणार. कानानं बहिरी, छातीनं फुटकी, मी त्याले शोधू शकत नाही. हे पत्र टपालानं नाही, धोंडबाच्या हातानं पाठवून राहिली. तो दारात उभा राहीन. तू फोटो काढ, त्याच्यासंगं ठाण्यात जा, आन् माहा पोरगा हरवला म्हणून तुह्या हातानं लिहून दे. बाप म्हणून सही कर. पवनीले कळलं तर कळू दे. नूपुरचा संसार मोडला तर मोडू दे, तिले तिच्या जित्या भावाच्या जिवावर तो भेटला होता.

आन् नाही गेलास, तर मंग तू जे छापलं ते खरं व्हायले फार दिवस लागणार नाहीत. थंडी लय आहे, आन् त्याच्या अंगावर एकच शर्ट आहे.

लोभाचं काही लिहीत नाही. जा.
सरिता